मीठ आणायला सांगितलं होतं

काजूची बोंडं पिकायला लागली की माझा डावा पाय खाजतो. घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला. डॉक्टर म्हणतात, तिथं काही नाही. आई म्हणते, दृष्ट आहे. मला विचाराल तर तिथं एक मुंगी आहे. आठ वर्षांपूर्वी ती माझ्या प्लास्टरमध्ये शिरली आणि अजून बाहेर पडलेली नाही.

परवा तुयेहून कारखान्याच्या गाडीनं घरी येत होतो. इब्रामपूरच्या अलीकडे चढाव लागतो, तिथं ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि खिडकीतून तो वास आत आला. पिकलेल्या बोंडांचा, थोडा गोड, थोडा कुजका, घशात बसणारा. गाडीतल्या दोघातिघांनी डोळे मिटून तो ओढून घेतला. मी पाय खाजवला. शेजारच्यानं विचारलं, "कितें रे, मूस चाबलो?" डास नाही रे बाबा, म्हटलं, हंगाम चावला.

आमच्याकडे हे दिवस मोठे गमतीचे असतात. एकीकडे शिगम्याचे ढोल वाजतात, अंगणात रोमटाचा मेळ नाचून जातो आणि पोरं गुलालानं माखतात. त्याच दिवसांत आमच्या वाड्यावरच्या एकुलत्या एका ख्रिस्ती घरात मात्र सगळं मुकाट असतं. ते त्याला कोरेज्म म्हणतात. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे उपासाचे आणि पश्चात्तापाचे. लग्न नाही, नाच नाही, मांस नाही. आणि नेमक्या याच चाळीस दिवसांत काजू पिकतो, भट्ट्या पेटतात आणि काजूची दारू, हुर्राक, गळायला लागते. देवानं ही वेळ मुद्दाम साधली की काय, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे. जिभेवर पाणी सुटावं तेव्हाच जीभ आवरायला सांगायचं. एकदा हे मी आमच्या शेजारच्या रोझमायला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "मागीर कितें, पावसांत आवरूंक सांगतलो? पावसांत हुर्राक खंय मेळटा?"

रोझमाय म्हणजे कायतानबाबची बायको. कायतानबाब आमच्या पलीकडच्या डगरीवर राहतो. आता सत्तरीला टेकलाय, तेव्हा साठीचा होता. फणसाच्या झाडाखाली त्याची भट्टी, तिच्या वरच्या अंगाला कोळंबी. कोळंबी म्हणजे इथं कालवणातली नव्हे. कातळात खोदलेला तो एक उथळ चौक असतो. त्यात बोंडं ओतायची, पायांनी तुडवायची आणि रस खालच्या पिंपात धरायचा. तीन दिवस रस आंबू द्यायचा, मग तांब्याच्या भांड्यात भरून खालून जाळ लावायचा. पहिल्या धारेची ती हुर्राक. इतकं साधं काम, पण वाड्यावरच्या आठ भट्ट्यांत कायतानबाबच्या हुर्राकीला जी गिऱ्हाइकी होती ती दुसऱ्या कुणाला नव्हती. तुयेच्या आमच्या कारखान्यातले लोक रविवारी लिंबू आणि सोडा पिशवीत घालूनच त्याच्याकडे यायचे.

त्याची सगळी मदार जिभेवर. चाळीस वर्षांच्या धुरानं नाक कधीच गेलेलं. भांड्यात रस ओतायच्या आधी तो पिंपात बोट बुडवून चोखायचा, क्षणभर वर फणसाकडे बघायचा आणि म्हणायचा, "घाल." कधी म्हणायचा, "उडय." मग अख्खं पिंप उतारावर ओतून दिलं जायचं, कुणी हूं की चूं करायचं नाही.

त्या वर्षी मी कार्निव्हलच्या मंगळवारी पडलो. नाचताना नव्हे, घरी येताना स्कूटरवरून, सुक्या पानांवर चाक सरकून. नडगीचं हाड गेलं. म्हापशाच्या डॉक्टरनं गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि एकच गोष्ट सांगितली. "सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. औषध हेच. बाकी काही नाही केलंत तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी कायतानबाब कपाळावर राखेचं बोट ओढून इगर्जेतून, म्हणजे चर्चमधून, परतला. वाटेत आमच्या बाल्कांवाशी, पुढच्या ओट्याशी, थांबला, माझा पाय बघून म्हणाला, "तुजेंय कोरेज्म आयजच सुरू जालें मरे!"

आम्ही दोघांनी चाळीस दिवस आपापलं व्रत पाळलं म्हणायचं. माझं आधी सांगतो, म्हणजे त्याच्याबद्दल बोलायला मला तोंड राहील.

आईनं देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. डिचोलीच्या बाजूला कुणी हाड बसवणारा होता, त्याच्याकडचं हिरवं तेल आलं. ते प्लास्टरवरूनच चोळायचं होतं. मांडीला काळा दोरा बांधला. सोमवारी मासळी बंद झाली. रात्री हळद घातलेलं दूध सुरू झालं. माझी बायको डिचोलीच्या शाळेत शिकवते, ती सकाळीच निघून जायची. जाताना रोज बजावायची, "पाय टेकू नका हं." मी हो म्हणायचो. ती वळणाआड गेली की काठी घ्यायचो आणि टेकत टेकत कायतानबाबच्या भट्टीवर जायचो. घरी एकट्यानं करायचं काय? आई म्हणायची, "डॉक्टराक काय कळतां? देवाक सांगलां मगे." एवढा नारळ ठेवल्यावर चार पावलांनी काय होतंय, असं मलाही वाटायचं. आज मी किंचित लंगडतो, ते त्या चार पावलांमुळे.

आता कायतानबाबचं. दर कोरेज्मात तो दारू सोडायचा, पण बोट चोखणं चालू असायचं. ते पिणं नव्हे, काम, असं तो मानायचा. त्या वर्षी मात्र त्याला मान मिळाला होता. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत क्रुसावरून उतरवलेल्या येशूची मूर्ती आंदोरावर ठेवून खांद्यावरून नेतात. तिचा पुढचा उजवा दांडा यंदा त्याच्या खांद्यावर येणार होता. त्याचा बाप त्या दांड्याखाली चालला होता. वीस वर्षं कायतानबाब मेणबत्ती धरून मागं चालत आला होता. तेव्हा यंदा त्यानं सगळंच वाढवलं. मांस सोडायला इगर्जच सांगते, यानं मासळीही सोडली. पायांतली चप्पल काढून दाराच्या मागं टांगली. आणि हुर्राकीचा थेंबही जिभेला लावायचा नाही, असा नवस बोलला.

मी विचारलं, "कायतानबाब, बोट चोखलं तर देव खरंच रागावेल?"

तो म्हणाला, "राग न्हू रे. उतर दिलां हांवें."

दिलेला शब्द. मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर त्या माणसाचा थोडा हेवाही वाटला. आमच्या घरचे नवस म्हणजे आधी दे, मग देतो. हा माणूस काही मागत नव्हता, नुसता देत होता. मी त्याच्या उघड्या पायांकडे बघायचो आणि मनात प्रश्न यायचे. देव हे मोजतो का? मोजत असेल तर कशानं? चप्पल नसलेला पाय त्याला वरून कसा दिसत असेल? आमच्या कारखान्यात माझं काम तपासणीचं. पट्ट्यावरून औषधाच्या गोळ्या जातात, त्यातली फुटकी, डागाळलेली दिसली की बाजूला काढायची आणि लिहून ठेवायची. दिसलेली चूक लिहायची, याचाच मला पगार मिळतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढं लागेल.

बोंडं तुडवायला यायचा दाजी. हद्दीपलीकडचा, दोडामार्गच्या बाजूचा, पन्नाशीचा, काटक माणूस. दर वर्षी हंगामाला बायकोला घेऊन यायचा, भट्टीमागच्या झापाच्या खोपीत राहायचा आणि पाऊस जवळ आला की परत जायचा. पंधरा वर्षं हेच. त्यानं आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. मी एकदा कुतूहलानं विचारलं, इतकी वर्षं या वासात उभा राहतोस, कधी वाटलं नाही? तो म्हणाला, "पायांन पितंय तितकी पुरे." त्याचे पाय काजूच्या रसानं तपकिरी झालेले होते आणि टाचांना भेगा होत्या. सकाळी तुडवायला उतरण्याआधी कोळंबी तो नारळाच्या शेंड्यांनी घासायचा, तीन घागरी पाणी ओतायचा आणि शेवटी ओल्या तळव्यानं चाचपून बघायचा. मी काठी टेकून फणसाच्या मुळावर बसायचो, पाय एका उलट्या टोपलीवर ठेवायचो आणि हे सगळं बघायचो. इतकं बघायला मला कारखान्यातही मिळालं नाही.

कोरेज्माच्या मध्यावर इगर्जेत तीन दिवसांची रेतीर होती. म्हणजे प्रार्थना, प्रवचन, कबुली. कायतानबाब पहाटे अनवाणी जायचा आणि दिवेलागणीला यायचा. पिंपातला रस त्या दिवसांत तयार झाला होता, तो तसाच राहिला. तीनाचे पाच दिवस झाले. सहाव्या सकाळी तो भट्टीवर आला आणि म्हणाला, "घाल."

दाजी पिंपाशी उभा होता. म्हणाला, "कायतानबाब, जरा चाखून बघ मरे. दोन दिस ज्यास्ती झालेत."

"म्हजें कोरेज्म आसा, दाजी."

"बोट तरी लाव."

"उतर दिलां. घाल तूं."

दाजीनं घातलं. माझ्या नाकाला किंचित आंबूस लागलं होतं. पण भट्टीवर काय आंबूस नसतं? मी गप्प राहिलो. तेव्हाचं गप्प राहणं मी स्वतःला माफ केलेलं आहे.

रविवारी कारखान्यातले आमचे सहा-सातजण आले. फणसाखाली फळ्या टाकून बसले, कोप, म्हणजे पेले, भरले, लिंबू पिळलं. पहिल्याच घोटाला एकानं पचकन थुंकलं. "कायतानबाब, हुर्राक दितस काय विनागर?" दुसऱ्यानं हुंगलं आणि कोप उलटा केला. सगळे हसायला लागले. लोक हसतात तसेच, त्यात वाईट काही नव्हतं. पण वीस वर्षांत कायतानबाबच्या दारात असं हसू फुटलं नव्हतं. त्याचा चेहरा भांड्याच्या तांब्यासारखा झाला. तो वळला आणि कोळंबीकडे बघून ओरडला, "दाजी! तुवें कोळंबी धुवूंक ना! काल्चो रोस तसोच उरयलो मरे थंय!"

दाजी कोळंबीतच उभा होता, पोटऱ्यांपर्यंत बोंडांत. म्हणाला, "धुतलंय मी, बाबा."

"धुतलेली आसल्यार विनागर कसो जालो?"

दाजी पुन्हा बोंडं तुडवायला लागला. त्याला उत्तर माहीत होतं. पण धन्याचं कोरेज्म चार माणसांत काढायचं कसं, हा त्याला प्रश्न असावा. उत्तर माहीत असलेला तिथं आणखी एकजण होता. त्याला कुणाची चाकरी नव्हती, कसली भीती नव्हती, आणि चूक दिसली की लिहून ठेवायची हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. त्याच्या प्लास्टरवर काजूचा रस उडाला होता. एक तांबडी मुंगी त्या रसावरून चालत चालत वर आली, प्लास्टरच्या काठाशी थांबली, मिशा हलवल्या आणि आत शिरली. मी ती बघत होतो. फार लक्ष देऊन बघत होतो.

संध्याकाळी दाजी आणि त्याची बायको गाठोडं घेऊन निघाले. कायतानबाबनं जा म्हटलं की ते आपणहून गेले, मला नीटसं कळलं नाही. हंगाम अर्ध्यावर होता. वाड्यावरच्या दुसऱ्या भट्ट्यांवर त्यानं विचारलं, पण बोलणं त्याच्याआधी पोचलं होतं. दाजीच्या पायांचा रस विनागर होतो, म्हणे. पंधरा वर्षांचं नाव एका रविवारी गेलं.

पुढच्या आठवड्यात कायतानबाबनं कोळंबी स्वतः घासली. त्याच मधल्या काळात शुक्रवारची खुर्साच्या वाटेची प्रार्थना, शनिवारची तयारी यांत पुन्हा दोन दिवस वर गेले. पुन्हा न चाखता भांडं भरलं, आणि पुन्हा विनागर. या वेळी ओरडायला कोळंबीत कुणी नव्हतं. मी फणसाच्या मुळावरच होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. भांडं उतारावर ओतलं.

मला वाटलं, आता हा दाजीकडे जाईल. नाही गेला. त्यानं उपास वाढवला. दुपारची पेजही बंद केली. इगर्जेच्या फाटकापासून आल्तारपर्यंत गुडघ्यांवर जाऊ लागला. घरी अंगणात खडीवर गुडघे टेकून रोजारीचे मणी ओढू लागला. गुडघ्यांची सालं निघाली. वाड्यावर सगळे म्हणू लागले, माणूस संत झाला. माझी आईसुद्धा हात जोडून म्हणाली, "असो मनीस मेळूचो ना."

एक रोझमाय तेवढी म्हणत नव्हती. एका दुपारी ती माझ्यासाठी उकडलेले कणगीचे कंद घेऊन आली. बाल्कांवात बसली, पदरानं वारा घेतला आणि एकदम भडकलीच. "आमचो पाद्रीबाब कितें म्हणटा आयकलें तुवें? म्हणटा, देवाक तुमच्या उपासाची भूक ना. ज्या मनशाचें तुमी वायट केलां ताच्या दारांत पयलीं वचात, मागीर हांगा येयात. हो पयल्या बांकार बसून आयकता, मान हालयता, आनी घरा येवन खडयेर दिंबी घालता! मीठ हाड म्हूण बाजारांत धाडलो, तो जायो घेवन आयलो. कितलेय जायो हाड रे, निस्तें अळणीच न्हू?"

मीठ आणायला सांगितलेला माणूस जाईची फुलं घेऊन येतो. कितीही आणली तरी कालवण अळणीच. मी हसलो. हसता हसता सवयीनं पाय खाली सोडला. रोझमायनं प्लास्टरकडे बघितलं. "तुका डॉक्टरान कितें सांगलेलें?" एवढंच तिनं विचारलं आणि ताट घेऊन गेली.

त्या दुपारी मी बराच वेळ विचार करत होतो. आज्ञा इतकी लहान का असते, आणि आपण तिच्याभोवती इतकं मोठं काहीतरी का बांधतो? पाय टेकू नको. दाजीकडे जा. दोन-तीन शब्दांत संपणारं काम. कदाचित म्हणूनच अवघड. गुडघे सोलून घेतले की लोकांना दिसतं, आपल्यालाही दिसतं. दाजीच्या दारात जाऊन चूक माझी म्हणायचं, त्यात दिसण्यासारखं काय आहे? शिवाय उपास किती करायचा हे आपण ठरवतो. आज्ञा दुसऱ्यानं दिलेली असते. आपल्या मनानं हजार गोष्टी देऊ, पण मागितलेली एक द्यायची म्हटली की हात आखडतो. हे कायतानबाबबद्दल मला फार स्वच्छ कळलं. स्वतःबद्दल कळायला आठ वर्षं लागली.

गुड फ्रायडेच्या आधी दोन दिवस माझं प्लास्टर निघालं. आत मुंगी नव्हती, म्हणे. शुक्रवारी मी काठी घेऊन मेव्हण्याबरोबर मिरवणूक बघायला इगर्जेकडे गेलो. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत, लाकडी मात्राक खडखडवतात. तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो, कोणत्याही धर्माचे असा. आंदोर उचलायची वेळ झाली आणि पुढे कुजबुज सुरू झाली. कायतान खंय? कायतान ना. तिथले वडीलधारे चिडले, दुसऱ्या कुणाला तरी तो उजवा दांडा दिला. आंदोर उठला. माझ्यापासून दहा हातांवर रोझमाय मेणबत्ती धरून उभी होती. सगळे तिच्याकडे वळून बघत होते आणि ती सरळ पुढे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गुड फ्रायडेला ते पुष्कळांच्या डोळ्यांतून वाहतं, पण तिच्या तोंडावर मी काहीतरी वेगळं पाहिलं. तेव्हा त्याला नाव देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कायतानबाब आपणहून आमच्या बाल्कांवात आला. पायांत चप्पल होती.

आदल्या सकाळी, गुड फ्रायडेला, तो घराबाहेर पडताना रोझमायनं ती चप्पल दाराआडून काढून त्याच्या पुढ्यात ठेवली होती. त्यानं ती घातली आणि दोडामार्गची बस धरली. दुपारच्या आत परत यायचं, असा हिशेब होता. पण दाजी घरी नव्हता, रानात लाकडं तोडायला गेला होता. बायको म्हणाली, बसा. तो बसला. बारा वाजले, दोन वाजले.

"परतीची बस आयली," कायतानबाब सांगत होता. "उबो रावलों. आतां चडलों जाल्यार आंदोर मेळटा. म्हज्या बापायचो दांडो, उमेश. कंडक्टर म्हणटा, येता काय? हांव उबोच. मागीर बस गेली. परत येवन ताच्या सोप्यार बसलों. रडलों हांव थंय, तुका सांगूंक लज ना."

दाजी आला तेव्हा सूर्य कलला होता. इकडे त्याच सुमाराला आंदोर उठला असणार. कायतानबाब उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, चूक म्हजी. हांवें चाखूंक ना. तुवें सांगलेलें, हांवें आयकूंक ना." दाजीनं लाकडांची मोळी खाली टाकली, हातपाय धुतले आणि बायकोला म्हणाला, "पान वाढ."

पेज आली. वर एक भाजलेला सुका बांगडा. घरात तो एकच असावा, कारण दाजीच्या पानात नव्हता. कायतानबाबनं अडतीस दिवस मासळी सोडली होती, आणि आज तर गुड फ्रायडे. तो बांगड्याकडे बघत राहिला. समोर दाजीची बायको उभी. हात मागे घेतला असता तर ती काय समजली असती? आमच्याकडे जेवायला याला जड जातंय, असंच ना?

"खाल्लो," कायतानबाब म्हणाला. "पुराय खाल्लो. कांटो चोखून."

नंतर त्यानं पाद्रीबाबला ते सांगितलं. पाद्रीबाबनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बांगडो कसो आशिल्लो?" हा म्हणाला, "मातसो खारट." पाद्रीबाब हसला म्हणे, आणि दुसरी काहीच शिक्षा दिली नाही.

ईस्टरनंतर तो वाड्यावरच्या उरलेल्या सातही भट्ट्यांवर फिरला. प्रत्येक ठिकाणी उभा राहून सांगितलं, तो विनागर माझा, दाजीचा नव्हे. आंदोराचा पुढचा दांडा त्याला पुन्हा मिळाला नाही. तो आजही मेणबत्ती धरून मागे चालतो. कोरेज्मात हुर्राक पीत नाही, पण पिंपात बोट बुडवून चोखतो आणि फणसाकडे बघतो. दाजी पुढची चार वर्षं तुडवायला येत राहिला. मग गुडघे गेले, आता येत नाही.

आणि मी? त्या चार हंगामांत दर सुट्टीला त्या फणसाच्या मुळावर जाऊन बसलो, दाजीशी गप्पा मारल्या. तो येईनासा झाल्यावर दर गणेशचवथीला त्याच्याकडे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवल्या, दिवाळीला शर्टाचं कापड. दोडामार्गच्या बसचा कंडक्टर ओळखीचा झाला. दाजीच्या बायकोला ताप आला तेव्हा तुयेच्या दवाखान्यातून औषधं नेऊन दिली. वाड्यावर म्हणतात, उमेशचा जीव आहे त्या दाजीवर. मी ऐकून मान हलवतो, पहिल्या बाकावर बसलेल्या माणसासारखी.

परवा गाडीतून उतरलो आणि घरी न जाता भट्टीवर गेलो. कायतानबाब पिंपावर वाकला होता. बोट चोखलं, वर बघितलं आणि म्हणाला, "उडय." नवीन तुडवणाऱ्यानं अख्खं पिंप उतारावर ओतलं. त्याचा मातीत जिरत जाणारा ओघळ बघताना माझ्या पायाची खाज एकदम असह्य झाली.

काल सुट्टी होती. नेवऱ्या घेतल्या नाहीत, कापड घेतलं नाही. रिकाम्या हातांनी बसमध्ये बसलो. दाजी सोप्यावर बसून काजूच्या बिया सोडवत होता. मला बघून हसला. "लंगडत इलंस मरे झिला." मी शेजारी बसलो. कायतानबाबला चार शब्द बोलायला त्या दिवशी किती जड गेलं असेल, ते मला तिथं कळलं.

म्हटलं, "दाजी, त्या रविवारी मी तिथंच होतो. तू त्याला चाख म्हणून सांगितलंस, ते मी ऐकलं होतं. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही."

दाजीच्या हातातली बी सुटली होती. त्यानं ती बाजूला ठेवली.

"म्हायत आसा माका," तो म्हणाला. "मी तुझ्याकडेच बघलंय तेवा. तुझ्या प्लास्टराक मुंगी लागलेली. ती तू बघी होतंस."

मी मान वर केली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. दाजीनं पुढची बी उचलली, सोडवली आणि घराच्या आत हाक दिली, "अगो, उमेशाक पान वाढ."